पाळी जाताना: जवस की सोयाबीन?
पंचेचाळिशी ओलांडली की अंगातून वाफा निघतात, रात्री पदर घामानं भिजतो. आमच्या विदर्भात यावर दोन गोष्टी घरातच सापडतात. जवस तडतडेपर्यंत भाजायचं, लसूण-तिखट-मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं. कुटलेल्या जवसानं पोट साफ राहतं, पण वाफांसाठी भरवसा कमी.

सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्होनमुळे (बाईच्या संप्रेरकासारखं सौम्य काम करणारा वनस्पतीतला घटक) काही जणींच्या वाफा थोड्या उतरतात, प्रथिनंही मिळतात. आणि आपण सगळी पोती बाजार समितीत नेतो! 9 किलो गव्हात 1 किलो भाजलेलं सोयाबीन दळून आणा. थायरॉईडची गोळी असेल तर गोळी आणि सोयाबीन यांच्यामध्ये 4 तास जाऊ द्या. माझा कल सोयाबीनकडेच, चटणी भाकरीसोबत आहेच. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र थेट डॉक्टर गाठा.