आठ महिन्यांनंतर : डब्लिन कोअर, मॉड्स की मार्क? कोल्हापूरच्या जुन्या मराठी संग्रहावरचा अनुभव

ग्रंथालयातल्या वस्तूंचं वर्णन (मेटाडेटा) नोंदवायची ही तीन मानकं. आधी निकाल, मग कारणं. जुनी मराठी पुस्तकं, नियतकालिकं आणि फोटो असा मिश्र संग्रह असेल, सॉफ्टवेअर डीस्पेस (डिजिटल संग्रह ठेवणारी प्रणाली) असेल आणि नोंदी करायला दोन-तीनच माणसं असतील, तर क्वालिफाइड डब्लिन कोअर (घटकांना बारीक उपघटक जोडलेलं रूप) घ्या, मात्र मूळ पंधरा घटकांवर विसंबू नका. पुस्तकांच्या मार्क २१ (मार्कचं आजचं रूप) नोंदी कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमध्ये आधीच असतील तर त्याच मूळ समजा. मॉड्स वाचायला देखणं आहे, हातानं भरायला नाही. कोल्हापुरातल्या एका ग्रंथालयाच्या संग्रहावर हे तिन्ही आठ महिने वापरून झालेलं हे मत आहे.

डब्लिन कोअरमध्ये एकही घटक सक्तीचा नाही आणि प्रत्येक घटक हवा तितक्या वेळा भरता येतो. नवा माणूस अर्ध्या दिवसात नोंदी करू लागतो, आणि दुखणंही तिथंच आहे. 'डेट'मध्ये एकजण प्रकाशनाचं वर्ष लिहितो, दुसरा स्कॅन केल्याची तारीख. 'फॉरमॅट'मध्ये एकाचं 'टिफ' असतं, दुसऱ्याचं '१८ सेंमी'. मानकाचं म्हणणं असं की एका नोंदीत एकाच वस्तूचं वर्णन हवं. मूळ पुस्तक ही एक वस्तू, तिची स्कॅन प्रत ही दुसरी. दोन-दोन नोंदी करायला हात कुणाकडे आहेत? म्हणून पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं : वर्णन मूळ पुस्तकाचं, आणि डीपीआय (स्कॅनची बारकाई), स्कॅनर, स्कॅनची तारीख हे सगळं तांत्रिक मेटाडेटात.

सगळ्यात मोठी उणीव प्रकाशनस्थळाची. पंधरा घटकांत त्याला जागाच नाही. मार्कमध्ये २६४ क्रमांकाच्या फील्डातल्या 'ए' उपफील्डात ते बसतं, मॉड्समध्ये 'ओरिजिनइन्फो'खाली 'प्लेस' आहे. इथल्या संग्रहाला तर पहिला प्रश्नच 'कोल्हापुरात काय काय छापलं गेलं?' हा येतो. मग लोक 'पब्लिशर'मध्येच 'कोल्हापूर : अमुक छापखाना' असं कोंबतात आणि प्रकाशकांची यादी नासते. 'कव्हरेज'ही याचं घर नव्हे. तिथं पुस्तक कोणत्या प्रदेशाविषयी आहे ते येतं. पन्हाळ्यावरचं पुस्तक पुण्यात छापलेलं असू शकतं. चाललेला उपाय असा : डीस्पेसच्या मेटाडेटा रजिस्ट्रीत (फील्डांच्या यादीत) 'लोकल' नावाची वेगळी स्कीमा (फील्डांचा गट), तिच्यात प्रकाशनस्थळ आणि मुद्रणालय ही दोन फील्डं. ती सबमिशन फॉर्मच्या एक्सएमएल फाइलमध्ये जोडायची, डिस्कव्हरीच्या (शोधाच्या) फाइलमध्ये फॅसेट (शोध गाळायची यादी) म्हणून लावायची, मग पूर्ण री-इंडेक्स (शोधसूची नव्यानं बांधणं). शेवटची पायरी राहिली तर फील्ड नोंदीत दिसतं, शोधात सापडत नाही. शीर्षकपृष्ठावर 'करवीर' असेल तरी फॅसेटमध्ये 'कोल्हापूर'च, मूळ शब्द टिपेत.

तारखांनी घाम काढला. शके १८४७ म्हणजे सरसकट १९२५ नव्हे. चैत्रापासून १ जानेवारी येईपर्यंत ७८ मिळवायचे, पुढं फाल्गुनापर्यंत ७९. कार्तिक १८४७ म्हणजे १९२५, माघ १८४७ म्हणजे १९२६. महिना छापलेला नसेल तर ईडीटीएफ या अनिश्चित तारखा लिहायच्या पद्धतीनं '१९२५/१९२६', अंदाजे वर्षाला पुढं '~', शंका असेल तर '?'. संस्थानी कागदांवर फसली (महसुली) सन असतो, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. पण ईडीटीएफची ही चिन्हं डीस्पेसच्या वर्षवार फॅसेटला कळत नाहीत. म्हणून 'डेट.इश्यूड'मध्ये (प्रकाशनाच्या तारखेत) सर्वांत आधीचं शक्य वर्ष, ईडीटीएफ वेगळ्या लोकल फील्डात, आणि छापलेली तारीख जशीच्या तशी टिपेत. मशीनच्या तारखेत अंक इंग्रजीच हवेत. देवनागरी अंक घातले की ती नोंद वर्षाच्या क्रमातून गळते.

नावांची गोष्ट मानकापेक्षा शिस्तीची आहे. नुसतं 'शाहू महाराज' लिहिलं तर साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९) आणि राजर्षी शाहू (१८७४–१९२२) एकाच नावाखाली येतात. 'बाबूराव'चंही तेच : पेंटर (१८९०–१९५४) वेगळे, पेंढारकर (१८९६–१९६७) वेगळे. 'वि.स. खांडेकर', 'वि. स. खांडेकर' आणि 'खांडेकर, विष्णु सखाराम' यांना डीस्पेस तीन माणसं समजतो. आडनाव आधी, आद्याक्षरांमध्ये एक मोकळी जागा, शेवटी जन्म-मृत्यूची वर्षं, असं एकच रूप ठरवावं. मृत्यूचं वर्ष हक्कांसाठीही लागतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवर २०३६ अखेरपर्यंत हक्क आहेत आणि स्कॅन सर्वांना खुली करता येत नाही. 'राइट्स'मध्ये मनानं वाक्यं रचू नयेत. राइट्सस्टेटमेंट्स या हक्कविधानांच्या संचातल्या बारा ठरावीक विधानांपैकी एक टाकावं.

शीर्षकाचं थोडं चमत्कारिक आहे. जुन्या पुस्तकांत 'नांव', 'कीं', 'पुस्तकें' असतं. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. शीर्षक छापलं तसंच ठेवायचं आणि आजचं रूप 'टायटल.अल्टरनेटिव्ह'मध्ये, नाहीतर आजचा वाचक शोधून थकेल. त्याहून छुपी अडचण 'ऱ'ची. 'दऱ्याखोऱ्या' हा शब्द कुणी 'ऱ' आणि हलन्त यांनी टंकतो, कुणी साधा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधयंत्राला वेगळे. 'र' आणि नुक्ता ही जोडी युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणात (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्यात) 'ऱ' होते, जोडचिन्हाचं रूप होत नाही. ते शोधून बदलावंच लागतं. जुनी यादी श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर आधी रूपांतर, मग तपासणी, मगच अपलोड.

मॉड्सबद्दल खरं सांगायचं तर मोह होतो. करवीर सरकारच्या गॅझेटातला २६ जुलै १९०२ चा आरक्षणाचा हुकूम घ्या : 'रिलेटेड आयटम'मध्ये यजमान म्हणून गॅझेट, त्याखाली भाग, अंक, पान, सगळं आपापल्या जागी. प्रत्येक नावाला त्याची भूमिका चिकटलेली, मग ती अनुवादकाची असो वा चित्रकाराची. पण डीस्पेसची साठवण सपाट आहे. एकात एक घातलेली रचना तिच्यात टिकत नाही, नाव एकीकडे आणि भूमिका दुसरीकडे पडते. मॉड्स मुळातच सांभाळणारी प्रणाली नसेल तर नादी लागू नये. शिवाय हातानं भरताना एका नोंदीला दुपटीहून जास्त वेळ जातो. दिवाळी अंकांसाठी साधा मार्ग पुरला : अंकाची एक नोंद, 'इज पार्ट ऑफ'मध्ये नियतकालिकाचं नाव, आणि पूर्ण अनुक्रमणिका 'टेबल ऑफ कंटेंट्स'मध्ये. लेखकाचं नाव टाकलं की अंक सापडतो. मोडी कागदांच्या रुमालांना (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांना) मात्र यातलं काहीच लावू नये. दप्तर, रुमाल, कागद ही उतरंड ईएडी या अभिलेखागारांच्या मानकाचं काम आहे.

कोहातून मार्क नोंदी आणताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. २४५ या शीर्षकाच्या फील्डातली विरामचिन्हं शीर्षकाबरोबर येतात आणि प्रत्येक शीर्षकाच्या शेवटी ' /' लटकत राहतं. आणि ७०० या इतर सहभागींच्या फील्डातला अनुवादक नुसता 'कॉन्ट्रिब्यूटर' होतो. डीस्पेसच्या रजिस्ट्रीत संपादक आणि चित्रकार आहेत, अनुवादक स्वतः घालावा लागतो. सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलनं घाऊक दुरुस्ती करताना एका खान्यातली अनेक मूल्यं '||' नं तोडायची. रिकामा खाना म्हणजे 'हे मूल्य पुसा'. बदलायचा नसलेला अख्खा स्तंभच काढून टाकावा. फाइल लिबरऑफिसमध्ये यूटीएफ-८ निवडून उघडावी, कारण एक्सेल '१९२५-०६' ला परस्पर 'जून-२५' करून ठेवतं.

बाहेरच्या पोर्टलला ओएआय-पीएमएच या नोंदी आपोआप देण्याघेण्याच्या पद्धतीनं नोंदी देणार असाल तर आधी एक नोंद स्वतः ओढून पाहा. तिथं साधं डब्लिन कोअर जातं, बारकावे गळतात, आणि दाखल झाल्याची, उपलब्ध झाल्याची व प्रकाशनाची अशा तिन्ही तारखा नुसत्या 'डेट' म्हणून बाहेर पडतात. १९२५ चं पुस्तक पलीकडे यंदाचं दिसतं. क्रॉसवॉकच्या (एका मानकातून दुसऱ्यात रूपांतर करणाऱ्या) एक्सएसएल फाइलमध्ये फक्त 'इश्यूड' ठेवा आणि ओएआयचा कॅशे साफ करा. एवढं करूनही नोंदींचा डेटस्टँप (शेवटच्या बदलाची तारीख) बदलत नाही, त्यामुळे फक्त नव्या नोंदी ओढणाऱ्या पोर्टलला बदल झाल्याचं कळतच नाही. सगळा संच पुन्हा ओढा, असं त्यांना पत्रानं कळवावं लागतं.