अनुसूचित जमातीची व्हॅलिडिटी: नोकरदार आणि आस्थापना शाखेसाठी सेवा कशी आहे

अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर निवड झाली की नुसता जातीचा दाखला पुरत नाही. जमात प्रमाणपत्र तपासणी समितीकडून तो वैध ठरवून घ्यावा लागतो. कचेरीच्या भाषेत, ‘व्हॅलिडिटी’ काढावी लागते. 2001 चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 23, म्हणजे जातीचे दाखले देण्याचा आणि तपासण्याचा कायदा, हा या सेवेचा पाया. गुण द्यायचेच तर ऑनलाइन अर्जाला बरे, दक्षता चौकशीला (समितीच्या पथकाने शाळेत-गावात जाऊन केलेल्या तपासाला) बेताचे आणि निकालाच्या वेळेला त्याहून कमी.

पहिली चूक पोर्टलवरच होते. बार्टीचं (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं) पोर्टल अनुसूचित जाती, विमुक्त-भटके आणि ओबीसींसाठी आहे. जमातीच्या समित्या आदिवासी विकास विभागाकडे, त्यांचा अर्ज वेगळ्या पोर्टलवर. दुसरी चूक समिती निवडताना होते. नोकरी ठाण्यात असो की पुण्यात, दाखला अहेरीच्या एसडीओ (उपविभागीय अधिकारी) कार्यालयातून निघाला असेल तर प्रकरण गडचिरोलीच्या समितीचं.

अर्ज भरणं तासाभराचं काम आहे. खरी मेहनत जुन्या कागदांची. जमातींची यादी राष्ट्रपतींच्या ज्या आदेशाने आली त्याची तारीख 6 सप्टेंबर 1950, म्हणून त्याआधीच्या नोंदीला सर्वांत जास्त वजन. तेव्हा सवलतच नव्हती, त्यामुळे खोटी नोंद करून कुणाला काही मिळणारही नव्हतं. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणि तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14 (गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही), या दोन ठिकाणी आधी शोधा. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ पानाची नक्कल सोबत जोडा.

प्रकरण अडतं ते एका शब्दावर. 1938 च्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसतं ‘कोळी’ लिहिलंय आणि दाखला महादेव कोळीचा आहे. किंवा ‘ठाकूर’ लिहिलंय, पण ठाकूर इतर समाजांतही आहेत. सगळ्यात वाईट म्हणजे ‘कोळी’च्या मागे वेगळ्या शाईत, बारीक अक्षरात ‘म.’ घुसवलेला असतो. दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर पाहतं. तिथे ही खाडाखोड दिसली की बाकीचे वीस चांगले कागदही संशयात येतात. नोंद अपुरी असेल तर अपुरीच द्यावी आणि घराण्यातली दुसरी स्पष्ट नोंद शोधावी. हळबा-कोष्टी वादात (कोष्टींना हळबा जमातीत धरायचं का, या वादात) मात्र कागद वाढवून उपयोग नाही. राष्ट्रपतींच्या आदेशातली नोंद जशी आहे तशीच वाचायची, तिच्यात पोटजात घुसवायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मिलिंद प्रकरणात 2000 सालीच सांगितलंय.

वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लोक घाईत उरकतात, आणि तिथेच फसतात. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांची नावं हवीत, कुणाला वैधता मिळाली तेही हवं. चुलत्याचा दावा अवैध ठरला असेल तर तो लपवू नका, समितीच्या दफ्तरात तो सापडतोच. विवाहितेचे पुरावे माहेरचे, वडिलांच्या बाजूचे. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जोडायचं.

आप्तभाव चाचणी, म्हणजे चालीरीतींवरून अर्जदाराचं जमातीशी नातं तपासणं, हा या सेवेतला सर्वांत कच्चा भाग. कुलदैवत, देवक, लग्नातले आणि मयताचे विधी, बोली असे प्रश्न विचारतात. दोन पिढ्या शहरात गेलेला माणूस यात अडखळणारच. 24 मार्च 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी ठाकूर जमात समितीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की ही चाचणी निर्णायक कसोटी नाही आणि प्रत्येक प्रकरण दक्षता पथकाकडे पाठवायलाच हवं असंही नाही. वडिलांना किंवा पितृपक्षातल्या रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशीनंतर वैधता मिळालेली असेल तर त्या आदेशाची प्रत अर्जात सगळ्यात वर लावा. दक्षता अहवाल विरोधात गेला तर त्याची प्रत मिळते. उत्तर मुद्देसूद आणि लेखीच द्या.

आता आस्थापना शाखेबद्दल, म्हणजे कार्यालयात नेमणुका आणि सेवा-नोंदी पाहणाऱ्या शाखेबद्दल. निवड झालेल्याकडे वैधता नसेल तर कलम 6(3) प्रमाणे नियुक्ती प्राधिकाऱ्यानेच समितीकडे अर्ज करायचा असतो. हे अनुदानित शाळांना आणि सहकारी संस्थांनाही लागू आहे. प्रत्यक्षात ‘तुमचं तुम्ही आणा’ म्हणून फाईल कपाटात जाते आणि पदोन्नतीच्या वेळी बाहेर येते. तोवर पंधरा वर्षांची नोकरी झालेली असते. दावा अवैध ठरला तर कलम 10 खाली नेमणूक जाते, आणि खोटेपणा सिद्ध झाल्यास कलम 11 खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी किंवा दोन ते वीस हजार दंड, किंवा दोन्ही. खूप वर्षं काम केलं म्हणून संरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या बहिरा निकालाने पक्कं केलं. त्यानंतर 21 डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना 11 महिन्यांच्या अधिसंख्य (मंजूर पदांखेरीज तात्पुरत्या निर्माण केलेल्या) पदांवर वर्ग केलं. ज्या खऱ्या आदिवासी उमेदवाराची ती जागा होती, त्याचं वय मात्र तोवर निघून गेलेलं असतं.

समितीच्या आदेशावर खात्यात अपील नाही. कलम 7(2) प्रमाणे थेट उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणून आदेश मिळाल्याची तारीख आणि पाकीटसुद्धा जपून ठेवा. वैधता मिळालीच तर प्रमाणपत्रातलं नाव सेवापुस्तकाशी, जमातीची नोंद यादीशी आणि दाखल्याचा क्रमांक मूळ दाखल्याशी ताडून पाहा. चूक असेल तर तेव्हाच दुरुस्तीचा अर्ज द्या. मग सेवापुस्तकात नोंद करून त्यावर कार्यालयप्रमुखाची सही घ्या.