जनरेट झालेल्या क्लासमध्ये आपल्या मेथड: पार्शियल क्लास काही महिने वापरल्यावर

आमचा बिलिंगचा डेटाबेस जुना, एसक्यूएल सर्व्हरवरचा, आणि टेबलांत बदल करणारी टीम वेगळी. त्यामुळे टेबलांसाठीचे सी-शार्प क्लास हाताने लिहायचा प्रश्नच नाही. एंटिटी फ्रेमवर्क कोअर (सी-शार्पमधून डेटाबेस वापरायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) हिची स्कॅफोल्ड कमांड टेबलांवरून क्लास तयार करते; ती चालवायची आणि ती देईल ते घ्यायचं. कॉलम वाढला की तीच कमांड 'फोर्स' लावून पुन्हा. यात जुन्या फाइलींवर नव्या फाइली लिहिल्या जातात, म्हणून जनरेट झालेल्या फाइलीत टाकलेली एकही ओळ टिकत नाही. आपल्या मेथडसाठी दुसरी जागा हवीच, आणि ती जागा म्हणजे पार्शियल क्लास: एकच क्लास अनेक फाइलींत विभागून लिहायची सोय. सी-शार्प २.० पासून, म्हणजे २००५ पासून ही सोय भाषेतच आहे, आणि स्कॅफोल्डमधून येणारा प्रत्येक क्लास आधीच पार्शियल असतो.

मला ही पद्धत मनापासून आवडली. मात्र एक नियम पाळला तरच ती सुखाची आहे: मेथडने टेबलाच्या फक्त त्याच ओळीच्या कॉलमांवर काम करावं.

उदाहरणार्थ, कस्टमर क्लासमध्ये जीएसटी क्रमांकाचा १५ अक्षरी कॉलम आहे. त्याचे पहिले दोन अंक राज्याचा कोड असतात (महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि पुढची दहा अक्षरं पॅन. पूर्वी हे सबस्ट्रिंग कापणं रिपोर्टमध्ये, एक्सेलच्या एक्स्पोर्टमध्ये, प्रिंटच्या स्क्रीनवर, सगळीकडे वेगवेगळं लिहिलेलं होतं. आता वेगळ्या फाइलीत कस्टमरचा दुसरा भाग आहे आणि त्यात राज्यकोड व पॅन या दोन प्रॉपर्टी. फक्त गेटर (किंमत वाचायचा भाग) असल्याने फ्रेमवर्क त्यांना कॉलम समजत नाही. सेटरही (किंमत भरायचा भाग) दिला, तर मात्र 'नॉट-मॅप्ड' ॲट्रिब्यूट लावावंच लागतं. नाहीतर क्वेरीत नसलेला कॉलम मागितला जातो आणि सर्व्हर 'इनव्हॅलिड कॉलम नेम' म्हणून परत पाठवतो.

नियम मोडला की काय होतं, ते बिलाच्या एकूण रकमेत दिसतं. इनव्हॉइस क्लासमध्ये 'एकूण' नावाची प्रॉपर्टी लिहून त्यात बिलाच्या ओळींची बेरीज करावी, हे अगदी स्वाभाविक वाटतं. पण क्वेरीत 'इन्क्लूड' (जोडलेल्या टेबलाच्या ओळीही आण, ही सूचना) लिहिलेलं नसेल तर त्या ओळी डेटाबेसमधून आलेल्याच नसतात. जनरेट झालेल्या कोडमध्ये ते कलेक्शन रिकामी लिस्ट म्हणून तयार असतं, त्यामुळे नल एक्सेप्शनही येत नाही. उत्तर येतं शून्य, आणि छापलेल्या बिलावर शून्य रुपये. चूक ओरडून सांगत नाही, हे इथलं सगळ्यात वाईट. म्हणून बेरजा क्वेरीतच कराव्यात असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण फिल्टरची. इनव्हॉइसवर 'आर्थिक वर्ष' ही प्रॉपर्टी तारखेवरून काढलेली आहे, एप्रिल ते मार्च. स्क्रीनवर दाखवायला उत्तम. तीच 'व्हेअर'मध्ये वापरली की फ्रेमवर्कला तिचं एसक्यूएल करता येत नाही. ३.० आवृत्तीपासून अशा वेळी सरळ एक्सेप्शन येतं, आणि ते बरंच आहे, कारण त्याआधी सगळं टेबल मेमरीत ओढून तिथे गाळलं जायचं. आम्ही फिल्टरसाठी वेगळी एक्स्टेंशन मेथड (क्लासच्या बाहेर लिहून त्याला जोडलेली मेथड) ठेवली आहे. ती १ एप्रिलपासून पुढच्या १ एप्रिलच्या आधीपर्यंतची तारखांची अट लावते आणि इंडेक्सही वापरला जातो.

मग सगळंच एक्स्टेंशनने का नाही? दुसऱ्या प्रोजेक्टमधला किंवा तयार डीएलएलमधला क्लास असेल तर तोच मार्ग, कारण पार्शियलचे सगळे भाग एकाच असेंब्लीत (कंपाइल होऊन बनणाऱ्या एकाच फाइलीत) लागतात. पण आपल्याच प्रोजेक्टमध्ये पार्शियल जास्त सरस: प्रायव्हेट सदस्य हाताशी असतात, इंटरफेस लावता येतो. जावात प्रोटोबफचे (गूगलच्या डेटा फॉरमॅटमधून जनरेट होणारे) क्लास वापरणाऱ्यांना ही चैन नाही. त्यांना क्लासभोवती स्वतःचा रॅपर लिहावा लागतो.

दोन्ही भागांचा नेमस्पेस (क्लास ज्या नावाच्या गटात मोडतो तो) मात्र तंतोतंत सारखा ठेवा. आमच्या कस्टम फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, आणि एडिटर सारखा सुचवतो की नेमस्पेस फोल्डरप्रमाणे बदला. ती सूचना मानली की कंपायलरच्या लेखी ते दोन वेगळे क्लास होतात. आम्ही त्या फोल्डरपुरती ती सूचना बंदच केली आहे.

शेवटची गोष्ट टेबलाचं नाव बदलल्यावरची. स्कॅफोल्ड नवा क्लास बनवतो, पण जुनी फाइल पुसत नाही, त्यामुळे जुना क्लास आणि त्याला जोडलेल्या आपल्या मेथड निवांत कंपाइल होत राहतात. म्हणून आम्ही कमांडच्या आधी जनरेट झालेलं फोल्डर पूर्ण रिकामं करतो. मग जुन्या नावाची कस्टम फाइल एकटी पडते, तिच्यातल्या मेथडना त्यांचे कॉलम सापडत नाहीत आणि बिल्ड तिथेच थांबतो.