स्कूल बसचं घर: आठ-नऊ महिने राहून झाल्यावर

जुनी बस घेऊन तिचं घर करावं का, हे विचारणारे बरेच झालेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी आणि नवरा, दोघांचं काम लॅपटॉपवर, ॲरिझोनातलं भाड्याचं घर सोडून आठ-नऊ महिने झाले पूर्णवेळ बसमध्येच राहतोय. आतलं काम त्याच्या आधी वर्षभर चाललं होतं ते वेगळं. माझं मत आधीच सांगते: बस राहायला एक नंबर, फिरायला वैताग. रोज नवीन गाव बघायचं असेल तर व्हॅन घ्या, खरंच. एका जागी दोन आठवडे ठिय्या मारणारे असाल तरच बसच्या नादी लागा.

आमची बस २००२ ची, इंटरनॅशनल नावाच्या कंपनीची, ३० फुटी. लिलावात ५५०० डॉलरला मिळाली आणि आतल्या कामाला २५ हजारांच्या वर गेले. इंजिन डीटी४६६ई, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, लायनर, बदलायची वेळ आली तरी इंजिन खाली उतरवावं लागत नाही, त्यामुळे मेकॅनिक लोक या इंजिनावर खूश असतात. पण ताशी ५५-६० मैलांच्या वर तिला पळवायची नाही आणि गॅलनला ८-९ मैल देते, लिटरला साडेतीन किलोमीटर धरा. शिवाय निघायचं म्हटलं की बरणी न बरणी बांधा, कपाटांना कड्या लावा, सोलरचं बघा, टाक्या बघा, यातच सकाळ जाते. जुलैत मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला गेलो तर गोइंग-टू-द-सन रोडच्या वरच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी सोडतच नाहीत, बस खाली लावून शटल पकडली. हे बऱ्याच ठिकाणी होतं.

थांबलात की मात्र मजा आहे. इकडे पश्चिमेला बीएलएमच्या, म्हणजे सरकारच्या जमीन खात्याच्या, मोकळ्या जमिनीवर साधारण १४ दिवस फुकट राहता येतं. थंडीत आम्ही ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइट गावाजवळ, बीएलएमच्याच ला पोसा या मुक्कामाच्या जागेवर होतो, तिथे १८० डॉलरचं परमिट काढलं की १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहा, पाणी आणि डंप स्टेशन, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा, तिथेच. चार पॅनल मिळून १६०० वॉट आणि बॅटरीत सात युनिट, त्यावर फ्रिज, स्टारलिंकचं सॅटेलाइट इंटरनेट, दोन लॅपटॉप, मिक्सर आरामात चालतं. एसी रात्रभर नाही चालत, त्यामुळे उन्हाळ्यात फिनिक्सकडे फिरकायचं नाही, सरळ वर डोंगरात जायचं.

आता ज्यावर इंग्लिश व्हिडिओवाले आपल्या उपयोगाचं काहीच बोलत नाहीत तो विषय, संडास. सगळे कंपोस्टिंग टॉयलेटचं कौतुक करतात. त्यात लघवी वेगळी, घट्ट वेगळं आणि खाली कोकोपीट, सगळा खेळ कोरडं ठेवण्याचा. आपल्याला लागतं पाणी! आत पाणी गेलं की चिखल आणि वास, संपला विषय. म्हणून आम्ही पहिल्यापासून पायाच्या पेडलचा आरव्हीवाला (घरासारख्या गाड्यांत असतो तो) कमोड, ३० गॅलनची ब्लॅक टँक, म्हणजे मैल्याची टाकी, आणि हँड स्प्रे असंच केलं, आणि या एका निर्णयावर मी आजही जाम खूश आहे. टाकी रिकामी करायचं काम नवऱ्याकडे. आधी ब्लॅक सोडायची, मग मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो.

पाणी १०० गॅलन घेतो, दोघांना दहा दिवस सहज जातं, कारण शॉवर लावला असला तरी आम्ही बादली-तांब्यावरच आंघोळ करतो. १२ लिटरमध्ये डोक्यावरून आंघोळ होते. शेजारच्या अमेरिकन आजी हे बघून त्यांच्याकडे पण बादली घेऊन आल्या 😄

स्वयंपाक प्रोपेनवर. हिंगाची फोडणी बसली की स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून आधी छतावरचा पंखा हवा बाहेर फेकायला लावायचा आणि मगच तेल तापवायचं. तरी लसणाचा वास मागच्या गादीपर्यंत जातोच. फ्लॅगस्टाफला उंची ७००० फुटांच्या आसपास, पाणी ९३ अंशालाच उकळतं, तिथे उघड्या पातेल्यात तूरडाळसुद्धा शिजता शिजत नाही. कुकर विसरू नका.

थंडीबद्दल. बसचा सांगाडा लोखंडी फासळ्यांचा, बाहेरची थंडी थेट आत येते आणि पहाटे छत घामेजतं. दोन माणसांचे श्वास, त्यात प्रोपेन जळताना वाफ तयार होते ती वेगळीच. आम्ही छताचे पत्रे उचकटून आत दोन इंच क्लोज्ड सेल फोम मारून घेतला, निम्म्या खिडक्या पत्र्याने बंद केल्या, आणि उबेसाठी धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर लावला, ती ऊब कोरडी असते. फोममुळे डोक्यावरची उंची जाते हे मात्र धरा, सहा फुटी माणसाने बस घेण्याआधी आत उभं राहून बघावं.

कागदपत्रं कटकटीची. शाळेच्या बसचा पिवळा रंग १९३९ साली कोलंबिया विद्यापीठातल्या परिषदेत ठरला, आणि बऱ्याच राज्यांत खाजगी वापराला तो बदलावा लागतो, बाजूला उघडणारी स्टॉपची पाटी आणि लाल दिवे पण काढायचे. विम्याला तर एका कंपनीने फोनवर हो म्हणून फोटो पाहिल्यावर नाही सांगितलं, तिसऱ्या ठिकाणी जमलं. आणि नागरिक नसाल तर पत्ता बदलल्यावर १० दिवसांत यूएससीआयएसला, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याला, कळवायचं असतं, तेव्हा घर सोडण्याआधी वकिलाशी बोला. भारतात करायचं म्हणणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं, घरच्या घरी बस कापून असं काही चालत नाही, कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वाहन मानक वेगळं आहे.

घ्यायचीच असेल तर सीटा-रंग बघत बसू नका, अंथरूण टाकून बसखाली आडवं व्हा आणि गंज बघा. बर्फाच्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या बस खालून सडलेल्या असतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एटी५४५ मॉडेलचा असेल तर सोडून द्या, टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही, घाटात तापतो. आमच्याकडच्या वाळवंटातल्या बस खालून कोऱ्या असतात, पण खिडक्यांची रबरं वाळून गेलेली असतात, ती बदलायचा खर्च धरूनच बोली लावा.