ऑफिस हिंजवडीत, घर वाकडला की कोथरूडला?

हिंजवडीत नोकरी लागली की घर शोधताना बहुतेकांची यादी शेवटी दोन नावांवर येते. ऑफिस जवळ हवं तर वाकड, शहरात राहायचं तर कोथरूड. मधल्या बाणेर-बालेवाडीत सगळेच एकदा चक्कर मारून येतात, पण सुरुवातीच्या पगारात तिथलं भाडं जड जातं, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो. मी आधी वाकडला भाड्याने राहिलो, आता कोथरूडला राहतो. नोकरी दोन्ही वेळा हिंजवडीतच होती, त्यामुळे तुलना करताना निदान ती एक गोष्ट कायम आहे. क्लब हाऊस, जिम, किती मजले, किती लिफ्ट हे सगळं तुम्ही जाहिरातींत वाचलेलं असणार, त्यात शिरत नाही.

सुरुवात अंतरापासून, कारण सगळे तिथूनच करतात. वाकडहून हिंजवडी आयटी पार्कचं फेज वन 4-5 किलोमीटर, कोथरूडहून 18-20. कागदावर इथेच निकाल लागतो. प्रत्यक्षात वाकडकराचे ते 4-5 किलोमीटर भूमकर चौकातून नाहीतर वाकडच्या पुलाखालून जातात, आणि सकाळी नऊ ते साडेदहा या वेळात निम्मं पिंपरी-चिंचवड त्याच दोन बोळांत शिरायला बघत असतं. मला दुचाकीवर कधी वीस मिनिटं लागायची, कधी पाऊण तास. पावसात तर अंदाज बांधणंच सोडून द्यायचं.

कोथरूडहून चांदणी चौक गाठायचा आणि बायपासने बावधन, सूस, बाणेर मागे टाकत वाकडपाशी उतरायचं. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये स्फोटकं लावून पाडला आणि ऑगस्ट 2023 मध्ये नवा पूल खुला झाला, तेव्हापासून हा टप्पा बराच सुसह्य झालाय. तरी एकूण प्रवास तासाभराचा धरावा, वाईट दिवशी सव्वा ते दीड. म्हणजे फरक आहेच आणि तो रोजचा आहे. पण किलोमीटर बघून वाटतो तेवढा चौपट नाही, दुपटीच्या आसपास असावा. शिवाय कोथरूडहून बऱ्याच कंपन्यांच्या बस सुटतात. वनाजला किंवा कर्वे पुतळ्यापाशी चढलात की तो तास झोपेत किंवा वाचनात जातो. वाकडहून कंपनीच्या बसने जाणारे मी फारसे पाहिले नाहीत. एवढ्याशा अंतरासाठी बसची वाट कोण बघणार, म्हणून जो तो आपली गाडी काढतो आणि त्याच चौकात अडकतो.

ऑफिस फेज थ्रीला असेल तर पुढचं माणपर्यंतचं अंतर दोघांनाही सारखंच छळतं. ते कोणाच्याच बाजूने धरू नका.

आता ज्या गोष्टीने माझं ठरलं ती सांगतो. एजंटबरोबर शनिवारी दुपारी फ्लॅट बघायला गेलात तर ती लक्षातही येणार नाही, कारण तुम्ही गाडीने जाता आणि गाडीनेच परत येता. वाकडला मी राहायचो तिथून पायी कुठे जाताच येत नव्हतं.

आमच्या बाल्कनीतून रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानाची हिरवी पाटी दिसायची. रात्री अकरापर्यंत चालू असायची. मधे रुंद रस्ता आणि दुभाजकावर लोखंडी जाळी. चालत जायचं तर चौकापर्यंत जाऊन पलीकडून तेवढंच मागे यायचं. फुटपाथ सोसायटीच्या गेटपासून थोडा वेळ सोबत करतो, मग विजेचा डीपी आडवा येतो. तो ओलांडला की लावून ठेवलेल्या गाड्या, पुढे कुठल्यातरी बांधकामाची खडी, आणि त्यानंतर फुटपाथ संपतोच. तिथून रस्त्यावर उतरायचं आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी चुकवत कडेकडेने चालायचं. पावसाळ्यात ती कड म्हणजे चिखल असतो आणि खड्ड्याची खोली कळत नाही. एकदा मला सणकून ताप होता. गाडी चालवण्याइतकं त्राण नव्हतं आणि त्या रस्त्याने चालत जायची हिंमत होत नव्हती. ती हिरवी पाटी डोळ्यांसमोर दिसत असताना मी ॲपवरून पॅरासिटामॉल मागवली आणि पाऊण तास पडून राहिलो.

आजारपण रोजचं नसतं, हे खरं. पण इस्त्रीचे कपडे, कोथिंबीर, झेरॉक्स, केस कापणं हे रोजचं असतं. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी हेल्मेट घ्या, बेसमेंटमध्ये उतरा, गेटवरून बाहेर पडा, पुढे जाऊन यू-टर्न घ्या, पोचल्यावर गाडी लावायला जागा शोधा. काही दिवसांनी माणूस ही यातायात टाळायला लागतो. सगळं घरपोच मागवतो. संध्याकाळी साडेसातला घरी आलेला तो थेट दुसऱ्या दिवशी ऑफिसलाच बाहेर पडतो. नव्या शहरात आलेल्या, एकट्या राहणाऱ्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलामुलींसाठी मला हे फार गंभीर वाटतं. ओळखी व्हायच्या तर आधी घराबाहेर पाऊल पडायला हवं.

सगळं वाकड असंच आहे असं मी म्हणणार नाही. कस्पटे वस्तीकडे किंवा दत्त मंदिर रोडच्या काही भागांत खाली उतरलं की दुकानं आहेत, संध्याकाळी माणसांची जाग असते. तिथे घर मिळालं तर माझा निम्मा आक्षेप गळून पडतो.

कोथरूडला डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी या भागांत जेवण झाल्यावर चपला घालून नुसतं खाली उतरायचं. किराणा, भाजी, इस्त्रीवाला, डॉक्टर, चहा, सगळं दहा मिनिटांच्या चालीत. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात शनिवारी रात्रीचा प्रयोग बघून मी चालत घरी येतो, आणि त्या वेळीही रस्त्यावर आजी-आजोबा फिरताना दिसतात. सकाळी लवकर जाग आली तर वेताळ टेकडी किंवा म्हातोबाची टेकडी जवळ आहे. इथल्या इस्त्रीवाल्याला माझं नाव माहीत आहे, आणि कॉलनीतल्या ज्या दोघांशी आज माझी मैत्री आहे ते दोघं मला टेकडीवर भेटले. कर्वे रोड आणि पौड रोडवर संध्याकाळी गर्दी आणि धूर भरपूर, तिथे फिरण्यात सुख नाही. पण आतल्या गल्ल्यांत शिरलं की दोन मिनिटांत आवाज खाली येतो.

प्रत्यक्ष घराच्या बाबतीत मात्र वाकड निर्विवाद पुढे. भाडं दोन्हीकडे थोडंफार सारखंच पडलं, पण त्या पैशांत वाकडला नवी इमारत, दोन लिफ्ट, जनरेटरचा बॅकअप आणि झाकलेलं पार्किंग होतं. कोथरूडला आता राहतो ती तीन मजली जुनी इमारत आहे. लिफ्ट नाही, बाथरूमच्या भिंतीला ओल, स्विचबोर्ड जुन्या पद्धतीचे. एसी आणि गिझर एकदम लावायचे असतील तर वायरिंग आधी तपासून घ्यावं. आणि पार्किंग! दुचाकीला जागा मिळते. चारचाकी असेल तर कोथरूडचा विचार करताना घराच्या आधी पार्किंगची चौकशी करा, कारण रस्त्यावर रोज रात्री जागा शोधणं हीसुद्धा वाकडच्या यू-टर्नइतकीच वैतागाची गोष्ट होऊ शकते.

कोथरूडला आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: ही सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे का? या भागातल्या जुन्या इमारती एकापाठोपाठ एक बिल्डरकडे जाताहेत. मालक गप्प बसतात, एजंट तर बसतातच. अकरा महिन्यांचा करार संपताना 'आता रिकामं करा' असं ऐकायचं नसेल तर तळमजल्यावरच्या काकांना विचारा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय ठरलं ते त्यांना माहीत असतं आणि ते सांगतातही. शेजारची इमारत पाडली जाणार असेल तर तेही विचारून ठेवा, कारण मग वर्षभर ब्रेकर आणि धूळ तुमच्या खिडकीत.

मालकांचा स्वभाव हा दोन्हीकडचा मोठा फरक. वाकडचा माझा मालक दुसऱ्या शहरात होता. त्याला भाडं वेळेवर मिळालं की पुरे. नियम सोसायटीचे होते: पाहुणा आला की गेटवर नोंद, ॲपवर परवानगी, मूव्ह-इनचे पैसे. कोथरूडला मालक बऱ्याचदा त्याच इमारतीत असतात. माझे वरच्याच मजल्यावर आहेत. कोण आलं, किती वाजता आलं हे त्यांना कळतं आणि सुरुवातीला त्यावर एक-दोन प्रश्नही आले. ज्यांना हे अजिबात चालणार नाही त्यांनी वाकडच निवडावं, हे मी मनापासून सांगतो. पण पाइप फुटला तेव्हा तेच काका प्लंबरला घेऊन अर्ध्या तासात दारात होते, आणि वाकडला तशाच कामासाठी मी आठवडाभर फोन करत होतो. माझी एक सहकारी एकटी राहते, तिला वाकडच्या गेटवरचा चोवीस तासांचा पहारा जास्त आश्वासक वाटतो. तिचं म्हणणं मला पटतं. गेटच्या बाहेर रात्री चालताना काय वाटतं हे विचारल्यावर मात्र ती म्हणाली, चालतंय कोण?

पाण्याचं थोडक्यात. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी येतं आणि नोव्हेंबर 2019 पासून महापालिकेने ते दिवसाआड केलं. वाकड, पुनावळे, ताथवडे भागातल्या मोठ्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर येतात, आणि मग मेंटेनन्स वाढतो किंवा पाण्याच्या वेळा लागतात. घर बघताना टँकरचं बिल कोण भरतं हे विचारा. कोथरूडला खडकवासल्याच्या साखळीतलं पाणी येतं. मला इथे पाण्यासाठी फारसं अडायला झालेलं नाही. दुरुस्तीसाठी एखाद्या गुरुवारी बंद असतं, तेव्हा आदल्या रात्री बादल्या भरून ठेवायच्या.

मेट्रोचा मुद्दा दोन्ही बाजूंनी मांडता येतो. हिंजवडी ते शिवाजीनगर ही 23 किलोमीटरची मार्गिका वाकड चौकावरून जाते, कोथरूडला शिवत नाही. कोथरूडकराला तिचा उपयोग सिव्हिल कोर्टपर्यंत उलटं जाऊन गाडी बदलली तरच, आणि हा बराच वळसा आहे. नुसतं हिंजवडीचं गणित मांडलं तर वाकड इथे जिंकतं. पण पहिली नोकरी किती वर्षं टिकते, याचाही विचार करा. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी दोन-तीन वर्षांत कंपनी बदलली, आणि नवं ऑफिस येरवडा, कल्याणीनगर किंवा खराडीला निघालं. वनाजहून रामवाडीपर्यंत थेट मेट्रो मार्च 2024 पासून आहे. येरवडा, कल्याणीनगर वाटेतच, खराडीला रामवाडीहून पुढे रिक्षा किंवा बस. म्हणजे कोथरूडच्या माणसाला नोकरी बदलली म्हणून घर बदलायची वेळ सहसा येत नाही. वाकडहून खराडी रोज करणारा एक जण मला माहीत आहे. त्याने चार महिन्यांत घर बदललं.

मग वाकड कोणी घ्यावं? आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला जावं लागतं, शिफ्ट रात्रीची किंवा पहाटेची आहे, चारचाकी आहे, किंवा शनिवार-रविवार मुंबईला घरी जायचं असतं, अशांना मी कोथरूडचा आग्रह करणार नाही. एक्स्प्रेस वेची वाट वाकडहून फार सोयीची आहे. खेळाची आवड असेल तर बालेवाडीचं क्रीडासंकुलही तिथून जवळ. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेलं ते संकुल आहे, आणि पोहणाऱ्यांना त्याची जवळीक नक्की मोलाची वाटेल.

पण आठवड्यात दोन-तीन दिवसच ऑफिस असेल, तर माझं मत कोथरूडकडे झुकतं. त्या दोन-तीन दिवसांचा प्रवास खरंच कंटाळवाणा होतो, विशेषतः जुलैत. उरलेल्या दिवसांत मात्र लॅपटॉप मिटला की खाली उतरावंसं वाटतं, आणि उतरल्यावर जायला जागा असते. माझ्यापुरतं हे पारडं जड ठरलं.

ठरवण्याआधी दोन्हीकडे एकदा कामाच्या दिवशी रात्री आठच्या सुमारास जा. फ्लॅट बघून झाला की गाडी तिथेच खाली राहू द्या आणि जवळच्या औषधांच्या दुकानापर्यंत चालत जाऊन या. आणि करारात लॉक-इन, म्हणजे जेवढे महिने घर सोडता येत नाही ती मुदत, सहा महिन्यांचा लिहून आला तर तीनवर आणायला सांगा. पहिल्यांदा नाही म्हणतात, पण घर महिनाभर रिकामं पडलेलं असेल तर मालक सहसा ऐकतात.