फ्रीरेडियस उबुंटूवर: फुकट, भक्कम, पण त्या मोठ्या एक्सचं काय करायचं?

ऑफिसचा फ्रीरेडियस, म्हणजे वायफायवर येणाऱ्या प्रत्येकाची ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर, नुकताच उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेला आणि दुसऱ्याच दिवशी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. "अहो, माझं एकटीचंच वायफाय लागत नाहीये. काल तुम्ही काय केलंत?" एकटीचंच, इथेच सगळी गोम आहे.

फ्रीरेडियसची मूळ सेटिंग अशी, की कोणाचं लॉगिन झालं, कोणाचं नाकारलं, हे लॉगमध्ये येतच नाही. 'ऑथ'समोरचं 'नो' आधी बदलावं लागतं. ते बदललं तरी खरं कारण हवं असेल तर कुठेही विचारा, उत्तर एकच: कमांडला मोठा एक्स (-X) लावून डीबग मोडमध्ये चालवा. हे डीबग आउटपुट खरंच अप्रतिम आहे. कोणतं मॉड्यूल चाललं, कुठे गाडी अडली, ओळीओळीने दिसतं. पण सर्व्हिस चालू असताना ते सुरूच होत नाही; १८१२ पोर्टवर दुसरा रेडियस सर्व्हर बसलाय, असं सुनावून बाहेर पडतं. म्हणजे आधी सर्व्हिस थांबवा. जोडलेले लोक तेवढ्यापुरते तगतात, पण नवीन येणारा प्रत्येकजण दारात उभा. एका नळाची गळती शोधायला अख्ख्या इमारतीचं पाणी बंद! कित्येक महिने मी ही कामं रात्री उरकत आलो. ओव्हरटाइम अर्थातच नाही.

मॅडमच्या फोनपर्यंत मी या प्रकाराला पाचपैकी दोनच तारे दिले असते. त्या दिवशी भर ऑफिसात सर्व्हिस थांबवणं शक्यच नव्हतं, म्हणून मॅन्युअल उपसलं आणि रॅडडीबग ही चालू सर्व्हरचं डीबग दाखवणारी कमांड सापडली. साइट्स-अव्हेलेबल फोल्डरमधल्या कंट्रोल-सॉकेटची (चालू सर्व्हरशी बोलायच्या खिडकीची) लिंक साइट्स-एनेबल्डमध्ये टाकायची, मोड 'आरडब्ल्यू' (वाचणं-लिहिणं दोन्ही) करायचा, एकदा रीस्टार्ट. मग चालू सर्व्हरवर फक्त एका युजरचं डीबग दिसतं. 'यू' लावून नाव द्या किंवा 'आय' लावून अ‍ॅक्सेस पॉइंटचा आयपी. साठ सेकंदांनी आपोआप थांबतं. मॅडमना पुन्हा जोडायला सांगितलं आणि ओळ आली: टीएलएस अलर्ट, अननोन सीए. म्हणजे सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर सही करणारा सीए फोनच्या ओळखीचा नाही. नकार सर्व्हरचा नव्हताच. फोन नवा कोरा, त्यात आमचं सीए सर्टिफिकेट टाकलेलं नव्हतं. अँड्रॉइड ११ पासून पिक्सेलवर 'सर्टिफिकेट तपासू नका' हा पर्याय गेला, तेव्हापासून तपासणी टाळायची वाट बंद होत गेली. तसं तर तसं, ते योग्यच आहे. अपग्रेडवर आलेला आळ मात्र फुकटचा.

आता चार तारे. पाचवा नाही, कारण इतकी कामाची गोष्ट मुळात बंद का ठेवायची, हे मला अजून पटलेलं नाही.

बाकी अपग्रेड निर्वेध झालं. फ्रीरेडियसची आवृत्ती ३.२ आली तरी फोल्डरचं नाव ३.०च आहे, आधी दचकलो, पण त्यामुळेच जुनी मांडणी जागेवर राहिली. ईएपीच्या (वायफाय लॉगिनच्या पद्धतीच्या) फाइलबद्दल डीपीकेजीने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमने, विचारलं तेव्हा आधी 'डी' दाबून फरक पाहिला आणि आपलीच ठेवली. सर्टिफिकेट बदललं की रीस्टार्ट हवाच, नुसत्या रीलोडने भागत नाही.

जुलै २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडियस ही रेडियसमधली सुरक्षेची त्रुटी उघड झाली तेव्हा वायफायची चिंता नव्हती, कारण ईएपीत मेसेज-ऑथेंटिकेटर, म्हणजे संदेशाची खातरजमा करणारी सही, असतेच. अडचण होती स्विचच्या लॉगिनची, तिथे साधं पॅप (नुसता पासवर्ड तपासणारी पद्धत) आहे, त्यात ही सही असतेच असं नाही. आमच्या स्विचवाल्या कंपनीकडे फर्मवेअर मागितलं तर त्यांनी आधी सपोर्टचा करार नूतन करा म्हणून कळवलं. करार केला नाही. स्विचचं लॉगिन रेडियसवरून काढून वेगळ्या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये (आभासी नेटवर्कमध्ये) टाकलं.

साहेबांनी मध्यंतरी दरमाणशी वार्षिक वर्गणीवाल्या क्लाउड रेडियसचं कोटेशन मागवलं होतं. आकडा बघून त्यांनीच फाइल बाजूला सारली. दुसऱ्या शाखेत पुढच्या महिन्यात फ्रीरेडियसच बसवतोय. कंट्रोल-सॉकेटची लिंक पहिल्याच दिवशी.