बर्मिंगहॅमचं सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च: टूर घ्या आणि मागे वळून वर बघा

अटलांटाहून गाडीने सव्वादोन-अडीच तासांवर अलाबामातलं बर्मिंगहॅम, तिथलं हे चर्च. मागे एका टूरवाल्यासोबत गेलो होतो तर त्याने रस्त्यावरूनच फोटो काढायला लावून पंधरा मिनिटांत परत गाडीत बसवलं, म्हणून यावेळी आई इकडे आली तेव्हा चर्चच्याच टूरचं बुकिंग केलं आणि नीट आत गेलो. माझ्याकडून पाच स्टार.

मे १९६३ मध्ये कृष्णवर्णीय शाळकरी पोरं वर्णभेदाविरुद्ध इथूनच मोर्चाला निघाली, पोलिसांनी त्यांच्यावर कुत्री सोडली, पाण्याचे फवारे मारले. मग १५ सप्टेंबरच्या रविवारी सकाळी १०:२२ ला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी लावलेला बॉम्ब फुटला आणि तळघरात उपासनेसाठी आवरत असलेल्या चार मुली गेल्या, तिघी १४ वर्षांच्या, एक ११ ची. त्या दिवशीच्या उपदेशाचा विषय होता क्षमा करणारी प्रीती. हे ऐकून पोटात कालवाकालव झाली.

पण बघायचं ते मागच्या बाजूला, बाल्कनीच्या खिडकीत. वेल्समधल्या लोकांनी वर्गणी काढून पाठवलेली रंगीत काच, जॉन पेट्स या कलाकाराने केलेली, १९६५ मध्ये बसवली. निळ्या रंगात काळा येशू, मान झुकलेली, हात पसरलेले, एक हात द्वेषाला अडवतोय आणि दुसरा क्षमा देतोय. खाली इंग्रजीत लिहिलंय, तुम्ही हे मला करता. आईने चष्मा पुसला, परत वाचलं आणि म्हणाली, "मत्तय पंचवीस." नगरला तिने वीस वर्षं संडे स्कूल घेतलंय.

आपण हे वचन भुकेल्याला जेवण आणि उघड्याला कपडे एवढ्यावरच ठेवतो, पण त्यातच तुरुंगातला माणूस आहे, परका माणूस आहे, मग ज्याचं मतदार यादीतून नाव उडवलं त्याला जे केलं ते पण येशूलाच केलं ना? आणि क्षमा केली म्हणून केस सोडायची असं कुठे लिहिलंय, इथे पहिला आरोपी दोषी ठरला १९७७ ला, दुसरा २००१ ला, तिसरा २००२ ला, म्हणजे ३९ वर्षं लोकांनी पाठ सोडली नाही, लूक १८ मधली ती विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या मागे लागते ना, अगदी तशी. आणि तिचं काम अजून संपलेलं नाही, कारण कृष्णवर्णीयांचं मत राखणाऱ्या १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणाच, म्हणजे भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यायची ही अट, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकामी केली, तीही इथल्याच शेजारच्या शेल्बी काउंटीच्या दाव्यावर.

टूर झाल्यावर समोरच्या केली इन्ग्रम पार्कमध्ये नक्की जा. तिथे एका वाटेच्या दोन्ही बाजूंनी अंगावर झेपावणारी धातूची कुत्री आहेत आणि त्यांच्या मधून चालत जायचं असतं. आईने तिथे माझा हात धरला तो पार गाडीपर्यंत सोडला नाही.